इनसोल कसा निवडावा, कसा बसवावा आणि पायाची ताकद वाढवून कसा सोडावा

टाच दुखायला लागली की ओळखीतलं कुणीतरी इनसोल, म्हणजे बुटाच्या आत घालायचा सुटा तळ, घालून बघायला सांगतं, आणि बऱ्याच जणांना त्याने आराम पडतोही. पुढे काय करायचं हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. दुखणं थांबतं, इनसोल बुटात तसाच राहतो, बूट बदलले की नव्या बुटात जातो. पाय मात्र होता तेवढाच अशक्त राहतो. आमचं म्हणणं असं की इनसोल ज्या दिवशी घालाल त्याच दिवशी पायाचे व्यायामही सुरू करा, आणि तो काढायचा केव्हा याचाही अंदाज तेव्हाच बांधून ठेवा. पुढची सगळी पद्धत त्याच हिशोबाने दिली आहे.

आधी हे तपासा: हा मार्ग तुमच्यासाठी आहे का?

मधुमेह आहे आणि तळव्याला बधिरपणा किंवा मुंग्या आहेत, चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, अशी स्थिती असेल तर इनसोल काढायचा किंवा अनवाणी चालायचा विचारही करू नका. अशा पायाला खडा टोचलेला समजत नाही, आणि छोटी जखम चिघळून बोट गमावण्यापर्यंत वेळ येते. कुष्ठरोगातून बरे झालेल्या पण पायाची संवेदना गेलेल्या लोकांनाही हेच लागू आहे. या सगळ्यांसाठी एमसीआर चप्पल असते, म्हणजे आतला तळ मऊ मायक्रोसेल्युलर रबराचा आणि बाहेरचा कडक. ती घरातही घालायची असते. संवेदना तपासायला डॉक्टर १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा एक जाडसर तंतू, तळव्यावर टेकवतात. दोन-पाच मिनिटांचं काम आहे. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा ही तपासणी मागून करून घ्या.

आमवात असलेल्यांनी, पायाचं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. प्रौढ वयात एकाच पायाची कमान खाली बसत चालली असेल आणि घोट्याच्या आतल्या बाजूला सूज असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. कमान उचलून धरणारा टिबियालिस पोस्टेरियर या स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, निकामी होत असल्याची ती खूण असू शकते. झोपेत ठणकणारी टाच, अचानक सुजलेली आणि दुखरी पोटरी, पावलाच्या वरच्या हाडावर एका बोटाने दाबलं तरी कळ येणं, या तिन्हींसाठी आधी तपासणी.

लहान मुलांच्या सपाट पायांची काळजी पालकांना नको इतकी असते. पहिली काही वर्षं पाय सपाट दिसणं हे नेहमीचंच, कमान दहा वर्षांपर्यंत घडत असते. लवचीक सपाट पाय असलेल्या मुलांना खास बूट आणि इनसोल देऊन तीन वर्षं पाहिलं, तरी न दिलेल्या मुलांपेक्षा कमानीत फरक पडला नाही, असं १९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आपल्या शेजारच्या कर्नाटकात उदय राव आणि जोसेफ यांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांचे पायाचे ठसे तपासले. १९९२ साली छापलेले त्यांचे आकडे बोलके आहेत: पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. त्यातही बंद बूट वापरणाऱ्यांत प्रमाण जास्त होतं, सँडल-चपला वापरणाऱ्यांत कमी. मूल न दुखता धावत-खेळत असेल तर त्याला घरात आणि मैदानात अनवाणी खेळू द्या. दुखत असेल, किंवा चवड्यावर उभं केलं तरी कमान दिसत नसेल, तर मात्र दाखवा.

पाय काय करतो, इनसोल काय करतो

एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात, आणि तळव्यात स्नायूंचे चार थर. टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुंध्यापर्यंत प्लांटार फॅशिया नावाचा जाड पट्टा जातो. खुर्चीत बसा, पाऊल जमिनीवर सपाट ठेवा आणि हाताने अंगठा वर उचला. कमान आपोआप वर चढताना दिसेल. चालताना टाच उचलली की बोटं अशीच वळतात, पट्टा ताणला जातो आणि पाऊल घट्ट होऊन पुढे ढकलायला तयार होतं. हिक्स यांनी १९५४ साली हे वर्णन करून ठेवलं आहे. ही यंत्रणा नीट चालण्यासाठी अंगठा मोकळा वळला पाहिजे आणि तळव्याचे स्नायू वेळेवर आवळले पाहिजेत. टोकाला निमुळता आणि तळाला कडक बूट या दोन्ही गोष्टींच्या आड येतो.

इनसोल भार एका जागेवरून दुसरीकडे सरकवतो. टाचेवरचा दाब थोडा कमानीवर घेतो, ताणलेल्या पट्ट्याला विसावा देतो. कमान तो घडवत नाही. टाचदुखीच्या १३५ रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनी इनसोलवाल्यांची हालचाल थोडी सुधारली होती, बारा महिन्यांनी मात्र खोटा, म्हणजे तुलनेसाठी नावापुरताच, इनसोल दिलेल्यांत आणि त्यांच्यात फरक उरला नव्हता. पायाचं माप घेऊन बनवलेला महागडा इनसोल तयार मिळणाऱ्यापेक्षा सरसही ठरला नाही. म्हणून साध्या टाचदुखीसाठी सुरुवातीलाच मोठा खर्च करू नका. दुसरी बाजूही ध्यानात असू द्या. निरोगी तरुणांना १२ आठवडे माप घेतलेले इनसोल दिले तेव्हा तळव्याच्या काही स्नायूंचा आकार घटलेला आढळला. अभ्यास लहान होता, पण व्यायामाशिवाय नुसता आधार का पुरत नाही हे त्यातून समजतं.

पहिली पायरी: चार चाचण्या आणि त्यांची नोंद

एका वहीत दोन्ही पायांचे आकडे वेगवेगळे लिहा. पुढचे सगळे निर्णय याच आकड्यांवर घ्यायचे आहेत.

तळवा ओला करून खाकी कागदावर किंवा कोरड्या फरशीवर उभे राहा आणि ठसा बघा. आतल्या बाजूला खाच अजिबात नसेल तर पाय सपाट. पण नुसता सपाट पाय हा आजार नाही. न दुखणारे सपाट पाय घेऊन लोक आयुष्यभर चालतात. आता आरशाकडे पाठ करून, किंवा कुणाला तरी मागून बघायला सांगून, दोन्ही पायांच्या चवड्यावर उभे राहा. टाचा आत वळल्या आणि कमान दिसली तर पाय लवचीक आहे, व्यायामाला साथ देईल. टाचा जागच्या हलल्याच नाहीत तर पाय ताठ आहे, आणि त्यासाठी तज्ज्ञ लागेल.

तिसरी चाचणी भिंतीची. अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकत नसेल तर घोटा आखडलेला आहे. हे लहान कारण वाटतं, पण घोटा पुढे वाकला नाही की शरीर ती कसर कमान खाली पाडून भरून काढतं. मग इनसोल कितीही चांगला असो, कमानीवरचा ताण चालूच राहतो. ज्यांचा गुडघा टेकत नाही त्यांनी पोटरीचा ताण रोज घ्यावा: एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, प्रत्येकी ३० सेकंद, तीन वेळा.

चौथी: भिंतीला दोन बोटं टेकवून एका पायावर उभे राहा आणि टाच पूर्ण वर उचलून खाली आणा. गुडघा वाकेपर्यंत किंवा उंची कमी होईपर्यंत मोजा. चाळिशीच्या आत साधारण २० च्या पुढे जायला हवं, साठीनंतर १५ च्या आसपास ठीक. दोन पायांतला मोठा फरक हा एकूण आकड्यापेक्षा महत्त्वाचा.

दुसरी पायरी: आधी बूट, मग इनसोल

संध्याकाळी बूट बघा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. सध्याच्या बुटातला मूळ इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहा. सर्वांत लांब बोटापुढे १ ते १.२ सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. अंगठा किंवा करंगळी बाजूने बाहेर येत असेल तर तो बूट अरुंद आहे, आणि अरुंद बुटात घातलेला इनसोल जागा आणखी खातो. करंगळीवरचं कुरूप बऱ्याचदा यातूनच येतं. असा बूट आधी बदला. काही जणांचं दुखणं एवढ्यानेच निम्मं होतं.

इनसोल निवडताना टाचेच्या कपाकडे आणि तळाच्या कडकपणाकडे बघा. नुसता मऊ जेलचा इनसोल दुकानात उभं राहिल्यावर सुखद वाटतो, पण वजनाखाली दबून सपाट होतो. टाचदुखीसाठी मध्यम घट्ट ईव्हीएचा (हा एक हलका, लवचीक फोम) किंवा कॉर्कचा, टाचेला खोलगट कप असलेला घ्या. अंगठ्याने कमानीचा भाग जोरात दाबा: थोडा दबून परत आला पाहिजे, बोट तळाला लागता कामा नये. पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या कडक कवचाचे इनसोल सपाट पायाला उपयोगी पडतात, पण ते तज्ज्ञांच्या सल्ल्याने घ्यावेत. कमानीचा सर्वांत उंच भाग तुमच्या कमानीच्या मध्याखाली किंवा किंचित टाचेकडे यायला हवा. तो पुढे आला तर अंगठ्याच्या बुंध्याखाली गोळी ठेवल्यासारखं टोचत राहतं.

बसवताना मूळ इनसोल काढून टाका. एकावर एक ठेवले तर टाच बुटाच्या वर येते आणि चालताना निसटते. नवा इनसोल उलटा करून त्यावर त्याच पायाचा जुनाही उलटाच ठेवा, पेनाने कड आखा आणि रेषेच्या २ मिलिमीटर बाहेरून कापा. कापायचं ते बोटांच्या बाजूने, टाचेकडून कधीच नाही. बुटात घालून बघा, मग गरजेपुरतं कमी करा. पहिल्या दिवशी एक तास घाला आणि रोज एकेक तास वाढवत न्या. एकच पाय दुखत असला तरी दोन्ही बुटांत घाला, नाहीतर दोन पायांची उंची वेगळी होते.

चवड्याखाली दुखत असेल तर लहान थेंबाच्या आकाराचा पॅड लावतात. इथे चूक हमखास होते. लोक तो बरोबर दुखऱ्या जागेखाली चिकटवतात आणि दुखणं वाढतं, कारण दाबलेल्या हाडावर दाब आणखी वाढतो. पॅड दुखऱ्या जागेच्या मागे, टाचेच्या दिशेने ५ ते १० मिलिमीटरवर हवा, म्हणजे तो हाडांना मागून उचलतो आणि टोकांवरचा भार उतरतो. जागा अचूक सापडायला दुखऱ्या ठिकाणी थोडी लिपस्टिक किंवा ओलं कुंकू लावा, पाऊल इनसोलवर ठेवून वजन द्या, आणि उठलेल्या ठिपक्याच्या मागे पॅडची पुढची कड येईल असा तो चिकटवा.

तिसरी पायरी: व्यायाम

सकाळी पहिलं पाऊल टाकतानाच टाचेत कळ येत असेल तर अंथरुणातून उठण्याआधी हा ताण घ्या: दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर ठेवा, हाताने सगळी बोटं नडगीकडे ओढा, दुसऱ्या हाताने तळव्याचा पट्टा तारेसारखा ताणला गेलाय का ते चाचपा. १० आकडे मोजा आणि सोडा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. फरशी गार आणि कडक असते, म्हणून या काळात पलंगाशेजारी मऊ चप्पल ठेवा आणि पहिली काही पावलं तिच्यातच टाका.

मुख्य व्यायाम कमान आखडण्याचा. बसा, गुडघा काटकोनात, पाऊल सपाट. अंगठ्याचा बुंधा, करंगळीचा बुंधा आणि टाच हे तीन बिंदू जमिनीला चिकटलेले राहतील. आता बोटं न वाकवता अंगठ्याचा बुंधा टाचेकडे ओढायचा प्रयत्न करा. पाऊल जरासं आखूड होतं, कमान काही मिलिमीटर चढते. ५ सेकंद धरा, १० वेळा करा. सुरुवातीला काहीच हलत नाही असं वाटेल, ते साहजिक आहे. ज्या स्नायूंना वर्षानुवर्षं काम नव्हतं त्यांना आज्ञा पोचायला आठवडा-दोन आठवडे जातात. बोटांची टोकं पांढरी पडली तर तुम्ही बोटं आवळता आहात. घोट्यापुढचा कंडरा ताठ उभा दिसला तर तुम्ही पाऊल नडगीच्या स्नायूने वर ओढता आहात. अंगठ्याचा बुंधा उचलला गेला तर पाऊल बाहेर कलतंय. यातलं काही दिसलं की जोर निम्मा करा. तळव्यात गोळा आला तर थांबा, बोटं वर ओढून सोडवा आणि उरलेलं उद्या करा. बसून सहज जमलं की दोन्ही पायांवर उभं राहून, मग एका पायावर.

जमिनीवर टॉवेल पसरून बोटांनी गोळा करण्याचा व्यायाम सगळीकडे सांगितला जातो. तो आम्ही सांगत नाही. त्यात पोटरीतून येणारे बोटं वाकवणारे लांब स्नायूच जास्त राबतात, आणि नेमकी बोटं आवळायची सवय लागते. त्याऐवजी अंगठा एकटा उचला, बाकी चार बोटं जमिनीवर. मग उलट, अंगठा खाली आणि चार वर. शेवटी बोटं पंख्यासारखी फाकवा. प्रत्येकी १० वेळा. जमत नसेल तर पहिले काही दिवस हाताने मदत करा.

आता जड काम. जिन्याच्या पायरीवर चवड्याने उभे राहा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल घाला म्हणजे बोटं वर वळलेली राहतील, आणि कठड्याला फक्त तोल सांभाळण्यापुरता हात लावा. एका पायावर ३ सेकंदांत वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली. हे डेन्मार्कमध्ये टाचदुखीच्या रुग्णांवर तपासलेलं वेळापत्रक आहे: एक दिवसाआड, सुरुवातीला १२ वेळाचे ३ सेट, दोन आठवड्यांनी वजन वाढवून १० वेळाचे ४ सेट, आणखी दोन आठवड्यांनी ८ वेळाचे ५ सेट. वजन म्हणून पाठीवरच्या बॅगेत पुस्तकं भरा. सेटच्या शेवटी दम संपत नसेल तर वजन कमी आहे. एका पायावर अजिबात होत नसेल तर दोन पायांवर सुरू करा. २०१५ साली छापलेल्या त्या चाचणीत तीन महिन्यांनी हा गट नुसता ताण घेणाऱ्यांपेक्षा पुढे होता. वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखे झाले. म्हणजे फायदा लवकर बरं होण्याचा आहे, आणि दुखणं घेऊन रोज कामावर जाणाऱ्यासाठी तो मोठाच आहे.

शेवटी तोल. दात घासताना एका पायावर उभे राहा, ३० सेकंद, अनवाणी. सहज जमलं की डोळे मिटून, पण ओल्या फरशीवर नाही आणि भिंत हाताशी असूद्या.

चौथी पायरी: इनसोल सोडणं

पहिले आठ आठवडे इनसोल आणि व्यायाम सोबत चालू द्या. स्नायूंचा आकार आणि ताकद मोजण्याइतकी वाढायला एवढा काळ लागतो. मग वही काढा. सकाळची कळ दोन आठवड्यांत आली नसेल आणि एका पायावरचा आकडा दुसऱ्याच्या बरोबरीला आला असेल, तरच पुढे जा.

इनसोल काढून मूळ पातळ तळावर दिवसाला ३० मिनिटं चाला. दर तीन-चार दिवसांनी १५ ते ३० मिनिटं वाढवा. उभं राहून काम करणाऱ्यांनी, म्हणजे शिक्षक, दुकानदार, पोलीस, परिचारिका यांनी सुट्टीच्या दिवसापासून सुरुवात करावी आणि कामाचे तास सर्वांत शेवटी सोडावेत. मोजमाप सोपं ठेवा: दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते आदल्या सकाळइतकंच असलं पाहिजे. वाढलं तर एक पायरी मागे या आणि आठवडाभर तिथेच राहा. धावणाऱ्यांनी चालण्यात पूर्ण सुटका होईपर्यंत धावताना इनसोल ठेवावा.

रुंद पंजाचे, पातळ आणि लवचीक तळाचे बूट हा पुढचा टप्पा असू शकतो. नुसतं अशा बुटात रोज चालल्याने आठ आठवड्यांत तळव्याच्या स्नायूंची ताकद व्यायाम करणाऱ्यांइतकीच वाढली, असं अमेरिकेतल्या २०१९ च्या अभ्यासात दिसलं. पण धावपटूंनी घाईने असे बूट घातल्यावर दहा आठवड्यांत अनेकांच्या पावलांच्या हाडांत सूज आल्याचंही नोंदलं गेलं आहे. स्नायू आठवड्यांत तयार होतो, हाडाला महिने लागतात. पावलाच्या वरच्या बाजूला एका ठिकाणी दुखू लागलं तर त्याच दिवशी थांबा. टाचेच्या मागे कंडरा कडक वाटला तर बुटाची टाच एकदम कमी झाली आहे. थोड्या उंच टाचेचा बूट परत घालून पोटरीचा व्यायाम चालू ठेवा.

आपल्या घरात चप्पल दाराबाहेर काढायची रीत असल्यामुळे अनवाणी चालणं आयतं मिळतं, फक्त टाच दुखत असताना ते कडक टाइलवर तासन्‌तास स्वयंपाकघरात उभं राहून होऊ नये. ओट्यापुढे जाड चटई टाका. बाहेर लांब चालायचं असेल तर मागे पट्टा असलेलं सँडल घ्या. रबरी स्लिपर पायात टिकवायला बोटं सतत आवळावी लागतात, आणि दिवसभर तेच चाललं तर आपण जे शिकवतो आहोत त्याच्या उलट सवय पायाला लागते. कोल्हापुरी सपाट असते आणि बोटांना जागा देते, पण नव्या चामड्याचा तळ कडक असतो. पहिला आठवडा तासाभरापेक्षा जास्त घालू नका.

ज्यांना इनसोल कायमचा लागतो, उदाहरणार्थ ताठ सपाट पाय किंवा झिजलेले सांधे असलेले, त्यांनी तो सोडायची घाई करू नये. व्यायाम मात्र झेपेल तेवढा करावा.

पावसाळा आणि देखभाल

जून ते सप्टेंबर इनसोल रोज रात्री बुटाबाहेर काढून पंख्याखाली वाळवा. ओला राहिला की बोटांमध्ये चिखल्या होतात. कडक उन्हात किंवा हीटरपुढे ठेवू नका, ईव्हीए आकसतो आणि कडा वर वळतात. दोन जोड असतील तर आलटून-पालटून वापरा. धुताना साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश, भिजत घालायचं नाही. रोज वापरलेला ईव्हीए सहा महिने ते वर्षभर टिकतो. टाचेखाली अंगठ्याने दाबल्यावर खड्डा तसाच राहिला, किंवा दोन इनसोल शेजारी ठेवल्यावर एकाची कमान दुसऱ्यापेक्षा खाली बसलेली दिसली, की तो बदलायचा.